आधी बसायला जागा द्या, मग हजेरी मागा

गेल्या महिन्यात आमच्या विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक परिपत्रक येऊन पडलं. पीएच.डी.च्या सर्व पूर्णवेळ विद्यार्थ्यांनी सकाळी दहा आणि संध्याकाळी पाच वाजता बायोमेट्रिकवर अंगठा लावावा. महिनाअखेरीस हजेरीचा तक्ता जोडल्याशिवाय फेलोशिपच्या कागदावर सही होणार नाही. अर्ध्या तासात ग्रुपमध्ये दोन तट पडले. एक तट म्हणे, संशोधन म्हणजे काय कारकुनी आहे? लॅपटॉप आणि इंटरनेट असलं की प्रबंध घरीही होतो. दुसरा म्हणे, सरकारचा पैसा घेता, तर रोज तोंड दाखवायला काय जड जातं? मी चौथ्या वर्षाला आहे, पेशवाईतल्या धान्याच्या हिशेबांवर काम करते. दोन्हीकडचे मेसेज वाचताना वाटत राहिलं की हे भांडण आपलं नव्हेच. हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांचं 'वर्क फ्रॉम होम की ऑफिस' हे भांडण आपण उसनं आणलंय. तिथे निदान प्रत्येकाच्या नावाचं टेबल असतं, महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार होतो, पीएफ कापला जातो. आपल्याकडे यातलं काय आहे?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला संस्थेत बसायला स्वतःची जागा असणं हा त्याचा हक्क आहे, आणि तिथे रोज ठरल्या वेळी बसलंच पाहिजे ही सक्ती चुकीची आहे. या दोन गोष्टी एकत्रच मागायला हव्यात. नुसती सक्ती झाली तर विभागाची चावडी होते. नुसती मोकळीक मिळाली तर संस्था हळूच अंग काढून घेते आणि ज्याचं घर मोठं त्याचं संशोधन पुढे जातं.

सक्तीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा पैशाचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. जानेवारी २०२३ पासून ज्युनियर रिसर्च फेलोशिप महिन्याला ३७,००० रुपये आहे, पुढे सीनियर झाल्यावर ४२,०००. हा लोकांचा पैसा आहे. फेलोशिप घेऊन दुसरीकडे क्लासवर शिकवणारे, वर्ष वर्ष मार्गदर्शकाला तोंड न दाखवणारे लोक असतात. आपल्यातल्या प्रत्येकाला असा एखादा तरी माहीत आहे. अशांमुळे जो खरोखर काम करतो त्याच्याकडेही संशयाने बघितलं जातं. तेव्हा 'आम्हाला कुणी विचारायचं नाही' ही भाषा मला मान्य नाही. विचारलंच पाहिजे.

पण काय विचारायचं? यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांत त्याची सोय करून ठेवलेली आहे. प्रत्येक विद्यार्थ्याची संशोधन सल्लागार समिती असते आणि दर सत्राला तिच्यासमोर कामाची प्रगती मांडावी लागते. ही समिती नीट बसली, तिने प्रकरणाचा मसुदा आधी मागवून वाचला, टाचणं तपासली, 'हे अनुमान कशावरून काढलं?' असं खोदून विचारलं, तर काम न करणारा माणूस दुसऱ्या बैठकीत उघडा पडेल. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ही बैठक दहा-पंधरा मिनिटांत उरकते. स्लाइड दाखवायच्या, 'चांगलं चाललंय, संदर्भ वाढवा' ऐकायचं, सह्या घ्यायच्या. प्रकरण वाचायला चार दिवस लागतात आणि अंगठ्याला दोन सेकंद, म्हणून संस्थेला अंगठा सोयीचा पडतो. शिवाय ज्याला फसवायचंच आहे तो दहा वाजता अंगठा लावून क्लासवर शिकवायला जाईल आणि पाचला परत येऊन पुन्हा लावेल. त्याला हे यंत्र अडवणार कसं?

अडकणार आहे तो वेगळाच. माझंच उदाहरण घ्या. माझे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे ज्याला आपण सगळे अजूनही पेशवे दफ्तर म्हणतो तिथे आहेत. कोट्यवधी मोडी कागदांचा तो साठा आहे आणि ते सरकारी कार्यालय असल्याने सरकारी वेळेतच उघडं असतं. मी दहाला विभागात आणि पाचला पुन्हा विभागात अंगठा लावायचा असेल, तर कापडात बांधलेले दफ्तराचे रुमाल सोडून कागद बघायचे कधी? अर्ज द्या, 'ऑन ड्यूटी' लावू, असं मला सांगण्यात आलं. म्हणजे इतिहासाच्या विद्यार्थिनीने दफ्तरात जाणं हा अपवाद, आणि दफ्तरापासून लांब विभागात बसणं हा नियम. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याची वस्ती, भाषाशास्त्रवाल्याचं गाव, भूगर्भशास्त्रवाल्याचा डोंगर, सगळ्यांचं हेच. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना तर ही चर्चाच लागू नाही. पेशींच्या संवर्धनाला रविवार कळत नाही, ते लोक रात्री अकरालाही लॅबमध्ये असतात आणि त्या अकराच्या हजेरीची नोंद कुणी घेत नाही.

महाराष्ट्रात इतिहास संशोधन ज्यांनी उभं केलं त्यांची आठवण इथे येणं साहजिक आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरची, वाड्यांतली दप्तरं उपसली आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले. पहिला खंड १८९८ चा. त्यांना कुठल्या मस्टरवर सही करायला लावली असती तर त्या खंडांचं काय झालं असतं, हे सांगायला नको. घरून काम करू म्हणणाऱ्या तटातल्या मित्रांनी हे उदाहरण ग्रुपवर टाकलंसुद्धा. पण त्यांनी ते अर्धंच सांगितलं. याच भटक्या माणसाने १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात पुढाकार घेतला. का घेतला? कागद माळ्यावर एकट्याने सापडत असेल, पण तो खरा की बनावट, त्यातली तारीख कुठल्या शकाची, त्यावरून काय म्हणता येतं आणि काय नाही, हे चार जाणत्या माणसांसमोर वाचून दाखवल्याशिवाय ठरत नाही. टिपण वाचायचं, त्यावर हमरीतुमरीने वाद घालायचा आणि मग ते इतिवृत्तात छापायचं, यासाठी जागा लागते. राजवाड्यांना कोणत्याच ठिकाणाने फार काळ बांधून ठेवलं नाही, शेवटी ते धुळ्याला गेले. तरी अशा ठिकाणाची गरज त्यांनी ओळखली होती.

आता घराच्या बाजूचं बोलू. तिथेही खऱ्या अडचणी आहेत. बदलापूरहून मुंबईतल्या संस्थेत येणाऱ्या मुलाचे दिवसाचे चार तास लोकलमध्ये जातात आणि उभं राहून प्रबंध लिहिता येत नाही. पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं, मेस लावायची, त्यात फेलोशिप पाच-सहा महिने रखडलेली. गावी राहिलं तर निदान भाडं तरी वाचतं. ज्याला जिना चढता येत नाही, जिचं बाळ सहा महिन्यांचं आहे, त्यांना घरून काम करू देणं ही मेहेरबानी नव्हे. आणि लिहिण्याचा टप्पा आला की माणसं नकोशी होतात, हा तर माझाच अनुभव आहे. शेवटची दोन प्रकरणं मी दार लावूनच लिहिणार आहे.

मात्र त्या वाक्यातल्या 'दार लावून'कडे बघा. लावायला दार किती जणांकडे आहे? ग्रुपवर 'घरी जास्त काम होतं' असं हिरिरीने लिहिणाऱ्यांना मी ओळखते. त्या प्रत्येकाला स्वतःची खोली आहे. माझी एक मैत्रीण धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावची. २०२० च्या टाळेबंदीत वसतिगृह रिकामं करायला सांगितलं तेव्हा ती दोन बॅगा घेऊन घरी गेली. घर दोन खोल्यांचं, माणसं सात. नेटवर्क यायचं ते विहिरीजवळच्या लिंबाखाली, म्हणून ती खुर्ची आणि लॅपटॉप घेऊन तिथे बसायची. बॅटरी दोन तास चालायची, मग घरी येऊन चार्ज होईपर्यंत भाकरी थापायच्या. घरच्यांचं प्रेम कमी नव्हतं. पण 'घरीच आहेस तर' या तीन शब्दांनी तिचा दिवस खाल्ला. घरीच आहेस तर पाण्याचं बघ, घरीच आहेस तर पाहुण्यांना चहा टाक, घरीच आहेस तर त्या साताऱ्याच्या स्थळाला दाखवून घेऊ. पुण्यात असताना 'विभागात जायचंय' एवढं म्हटलं की तिला कुणी अडवत नसे. बाईमाणसाला घराबाहेर एक टेबल असणं म्हणजे काय, ते या एका वाक्यात आहे. बाहेर जाण्याचं कारण तिला संस्थेने दिलेलं होतं, आणि घरून काम करण्याच्या मोकळेपणात नेमकं तेच कारण हिरावलं जातं.

या जागेसाठी आपल्याकडे बायकांना किती झगडावं लागलं, हे सांगायला एकाच घरातल्या दोन बहिणी पुरतील. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. संचालक होते सर सी. व्ही. रामन. केवळ बाई म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिलं वर्ष परीक्षा म्हणून काढायचं, काम पटलं तरच पुढे मान्यता. पुढे कमलाबाईच १९३९ मध्ये केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या; विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्या ओळखल्या जातात. प्रयोगशाळेतल्या त्या टेबलावाचून घरच्या स्वयंपाकघरात बसून वनस्पतीतलं सायटोक्रोम-सी, म्हणजे पेशींच्या श्वसनात काम करणारं प्रथिन, त्यांना सापडलं असतं का? त्यांची थोरली बहीण दुर्गाबाई. त्या मध्य प्रांतात आदिवासींमध्ये हिंडत असताना सुरणाच्या विषबाधेने आजारी पडल्या, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळल्या आणि पीएच.डी. राहून गेली. पण विद्यापीठाची पदवी सुटली तरी त्यांचं वाचन-संशोधन सुटलं नाही, कारण मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात त्यांची बैठक होती. तिथे त्या वर्षानुवर्षं रोज जात. कुणी अंगठा मागितला म्हणून नव्हे. पुस्तकं होती, बसायला जागा होती, आणि त्या जागेवर त्यांना कुणी 'घरीच आहेस तर' म्हणत नव्हतं.

घरून काम करण्याच्या बाजूने न्यूटनचं नाव हमखास येतं. १६६५ च्या प्लेगमध्ये केंब्रिज बंद पडलं, तो गावी गेला आणि तिथे त्याला कलन आणि गुरुत्वाकर्षण सुचलं. बरोबर आहे. पण तो १६६७ मध्ये केंब्रिजला परतला, आणि गुरुत्वाकर्षणाचं ते काम ग्रंथरूपाने बाहेर यायला १६८७ साल उजाडलं. तेही १६८४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हॅली त्याला भेटायला आला, त्याने नेमका प्रश्न विचारला आणि मग पाठपुरावा केला म्हणून. याहून जवळचं उदाहरण गणिती अँड्र्यू वाइल्सचं. फर्माच्या शेवटच्या प्रमेयावर त्याने सात वर्षं घरच्या माळ्यावरच्या खोलीत, जवळजवळ कुणालाही न सांगता काम केलं. एकांताची ताकद सांगायला याच्यासारखं दुसरं उदाहरण नाही, हे मी मान्य करते. पण जून १९९३ मध्ये सिद्धता जाहीर झाली आणि तपासणीत सहकाऱ्याला तिच्यात भोक सापडलं. ते बुजवायला आणखी वर्ष गेलं आणि त्यासाठी वाइल्सने ज्याला सोबत घेतलं तो रिचर्ड टेलर त्याचाच जुना पीएच.डी. विद्यार्थी होता. माळ्यावर सात वर्षं बसलेला माणूससुद्धा शेवटी दुसऱ्याला म्हणतो, जरा ये, इथे बघ. आणि वाइल्स त्या वेळी प्रिन्स्टनमध्ये कायम नोकरीत होता. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला, जिला आपली चूक चूक म्हणून ओळखूच येत नाही, तिला एकांत देऊन काय होणार?

हे मी ऐकीव सांगत नाही. दुसऱ्या वर्षी पावसाळाभर मी चिंचवडला घरीच बसून काम केलं. दफ्तरातून आणलेले फोटो लॅपटॉपवर मोठे करायचे आणि गल्ल्याचे, म्हणजे धान्याचे, आकडे तक्त्यात भरायचे: खंडी, मण, पायली. बेरीज जुळेना. कागदावरच्या एकूण आकड्यापेक्षा माझी बेरीज दर वेळी थोडी कमी भरायची. मी असं धरून चालले की अठराव्या शतकातला तो कारकूनच चुकत होता, आणि तशी तळटीपही लिहून ठेवली: 'मूळ कागदात बेरजेच्या चुका आहेत.' पावसाळा संपल्यावर विभागातल्या खोलीत खिडकीजवळचं अर्धं टेबल मला मिळालं. दुसऱ्या अर्ध्यावर एक सीनियर दादा बसायचे. एके दुपारी डबा उघडताना त्यांची नजर माझ्या स्क्रीनवर गेली. म्हणाले, "अगं, ही रेघ रकान्याची नाही. हे सव्वापाच आहेत." दोन रेघा म्हणजे साडे आणि तीन म्हणजे पाऊण, हे मला येत होतं, पण पाव दाखवणारी एकटी रेघ, पुसट, कागदाच्या घडीला लागून आलेली, ती मी रकान्याची समजून सोडून देत होते. ५। ला मी ५ वाचत होते. तीन महिन्यांचे तक्ते परत भरले. बेरजा पै-पैशाला जुळल्या. ती तळटीप छापली गेली असती तर त्या बिचाऱ्या कारकुनावर कायमचा ठपका बसला असता. हे ते दादा मला झूमवर सांगू शकले असते? शकले असते, मी विचारलं असतं तर. पण मला शंकाच नव्हती, मग विचारणार काय?

लोक म्हणतात, आता सगळं ऑनलाइन मिळतं. शोधगंगेवर प्रबंध आहेत, २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी संस्थांच्या विद्यार्थ्यांना खुली झाली. ही फार मोठी गोष्ट आहे. लहान गावातल्या विद्यापीठातल्या मुलाला याने जे मिळालं ते आधीच्या पिढीला मुंबई-दिल्लीला जाऊनही मिळत नव्हतं. पण १३,००० मधलं कोणतं वाचायचं आणि कोणतं वाचण्यात वेळ घालवायचा नाही, हे टेबलाच्या पलीकडचं माणूस सांगतं. ते ज्ञान कुठल्या पोर्टलवर चढवता येत नाही.

म्हणजे संस्थेत यायला हवं, असंच मीही म्हणते. मग परिपत्रकाला विरोध कशासाठी? आमच्या विभागात पूर्णवेळ संशोधक विद्यार्थी २३ आहेत. त्यांच्यासाठी खोली एक, टेबलं ५, चालू असलेले प्लगपॉइंट २. कपाट आहे, त्याला कुलूप नाही, म्हणून पुस्तकं रोज पाठीवर आणायची आणि न्यायची. मुलींचं स्वच्छतागृह खालच्या मजल्यावर, तेही पाचनंतर बंद. अंगठा लावून झाल्यावर उरलेल्या १८ जणांनी कुठे बसायचं, हे परिपत्रकात कुठेच लिहिलेलं नाही. आत्ता ते कुठे बसतात? काही जण कॅन्टीनमध्ये, काही झाडाखालच्या पारावर, आणि बरेच जण सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये, एमपीएससीवाल्या मुलांच्या रांगेत, महिन्याची फी भरून. प्लायवूडच्या दोन फळ्यांमधली ती अडीच फुटांची खोबण, वर एक ट्यूबलाइट, समोर चिकटवलेलं कुणाचं तरी वेळापत्रक. तिथे बोलायला मनाई असते. फेलोशिपच्या पैशातून जागा भाड्याने घेऊन संशोधक विद्यार्थी अशा ठिकाणी बसतात जिथे शेजारच्याला शंका विचारणं हा नियमभंग आहे. आणि यावर विद्यापीठाने शोधलेला उपाय काय, तर अंगठ्याचं यंत्र!

यंत्राऐवजी करता येण्याजोग्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. प्रत्येकाला एक टेबल आणि कुलपाचा ड्रॉवर. तेवढी जागा नसेल तर दोघांत एक, पण ठरलेलं. खोली रात्री नऊपर्यंत उघडी आणि तोवर स्वच्छतागृहही उघडं. वर्षाच्या सुरुवातीला विद्यार्थी आणि मार्गदर्शक मिळून ठरवतील की कोणते महिने दफ्तरात, कोणते क्षेत्रकामात, कोणते घरी. ते कागदावर येईल आणि सल्लागार समिती त्याच कागदावर बोट ठेवून जाब विचारेल. पहिल्या दोन वर्षांत विभागात जास्त यावं लागेल, हे मला मान्य आहे. ज्याला अजून आपली रेघ कुठली आणि रकान्याची कुठली हे कळत नाही, त्याने माणसांत बसावं. पुढे हात मोकळा सोडावा. आणि फेलोशिप या सगळ्यापासून लांब ठेवावी. पाच-पाच महिने उशिरा येणाऱ्या पैशाला रोजच्या वेळेची अट घालायचा नैतिक अधिकार संस्थेला कुठून येतो?

दर बुधवारी चार वाजता आम्ही त्या खोलीत एक वाचन सुरू केलं आहे. एकाने आपल्या प्रकरणाची दहा पानं वाचायची, बाकीच्यांनी ऐकायचं आणि मग सोडायचं नाही. सुरुवातीला आम्ही चौघंच होतो. मागच्या बुधवारी मी माझं तिसरं प्रकरण वाचलं, त्या सव्वापाच खंड्यांसकट. अकरा जण आले होते. एक जण नाशिकहून सकाळच्या एसटीने फक्त तेवढ्यासाठी आला आणि रात्रीच्या गाडीने परत गेला; तो घरूनच काम करतो, दोन वर्षांत विभागात फारसा दिसलेला नव्हता. खुर्च्या कमी पडल्या म्हणून कॅन्टीनमधून बाकडं उचलून आणलं. सात वाजून गेले तरी कुणी उठत नव्हतं, शेवटी शिपाईमामांनी येऊन दिवे घालवायला सुरुवात केली.